पोस्टग्रेस १८ वर जायचंय? आधी पासवर्ड उरका

जळगाव जिल्ह्यातल्या काही जिनिंग, डाळ मिल, सावद्याकडचे केळीचे व्यापारी आणि एक-दोन पतसंस्था यांचे डेटाबेस सर्व्हर मी सांभाळते. बहुतेक ठिकाणी पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर आहे, कुठे व्हर्जन १३, कुठे १४. पोस्टग्रेस १८ आलं २५ सप्टेंबर २०२५ ला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १३ चे अपडेट कायमचे बंद झाले आणि १४ चे नोव्हेंबर २०२६ मध्ये होणार. त्यामुळे "ताई, अपग्रेड कधी करायचं?" हा फोन सध्या सगळीकडून येतो.

अपग्रेड एका रात्रीत होतं. कोण कुठल्या मशीनवरून, कसल्या पासवर्डने आत येतंय हे निस्तरायला मात्र महिना जातो. ही दोन कामं एकाच रात्री करायची नाहीत, यावर मी अडून बसते. सकाळी वजनकाट्यावरून "ताई, लॉगिन व्हत नही" असा फोन आला, तर दोष नव्या व्हर्जनचा, पासवर्डचा की जुन्या ड्रायव्हरचा, म्हणजे सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा, हे शोधत बसावं लागतं, आणि तोवर गेटबाहेर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. म्हणून आधी लॉगिनचं काम जुन्याच व्हर्जनवर पूर्ण करा, ते महिनाभर चालू द्या, आणि मग व्हर्जन बदला. खाली सगळं त्याच क्रमाने सांगितलंय. कमांड आणि सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

मुहूर्ताचं आधी बोलून घेऊ. जिनिंगचा सीझन दिवाळीच्या आसपास लागतो, त्यामुळे त्यांचं काम पावसाळ्यातच उरकते. पतसंस्थेला ३१ मार्चच्या आगेमागे हात लावायचा नाही. डाळ मिलला तुरीची आवक सुरू व्हायच्या आत मोकळं करायचं. केळीवाल्यांना सुट्टी हा प्रकारच माहीत नाही, माल रोज कापला जातो आणि भाव रोज निघतो, तिथे रात्रीचेच तीन-चार तास मागून घ्यावे लागतात. आणि नवीन मोठ्या व्हर्जनच्या अगदी पहिल्या रिलीजवर, म्हणजे १८.० वर, मी कोणालाच नेत नाही. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असे दर तिमाहीला दुरुस्तीचे छोटे रिलीज येतात. एखाद-दोन येऊ द्यायचे.

एमडी५ कोणाकडे उरलंय?

पासवर्ड साठवायच्या एमडी५ या जुन्या पद्धतीला पोस्टग्रेस १८ ने रजा द्यायची सुरुवात केली आहे. लगेच काही बंद पडत नाही. १८ मध्येही एमडी५ ने लॉगिन होतं, पण असा पासवर्ड नव्याने ठेवायला गेलात की सर्व्हर इशारा देतो. पुढच्या कुठल्या तरी मोठ्या व्हर्जनमध्ये तो पूर्ण काढणार, असं रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय. 'एमडी५_पासवर्ड_वॉर्निंग्स' ही सेटिंग बंद करून इशारा दडपता येतो. माझ्या ओळखीतल्या एका व्हेंडरने पहिल्या दिवशी तेच केलं. इशारा गेला, पासवर्ड तसेच.

एमडी५ वाईट का, तर जोडणीच्या त्या पद्धतीत सर्व्हरवर साठवलेला हॅशच (पासवर्डचं रूपांतर करून ठेवलेलं रूप) लॉगिनला पुरतो. मूळ पासवर्ड माहीत असण्याची गरज नाही. 'पीजी_डंपऑल' ने काढलेल्या बॅकअपमध्ये रोल (म्हणजे डेटाबेसचे यूझर) आणि त्यांचे हॅश असतात, आणि आपल्याकडे ते बॅकअप पेन ड्राइव्हवर, अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये, कधी सॉफ्टवेअरवाल्याच्या लॅपटॉपवर पडलेले असतात. त्यातला एमडी५ हॅश ज्याच्या हाती लागला त्याच्या हाती किल्लीच लागली. एमडी५ ची जागा घेणाऱ्या स्क्रॅम पद्धतीत जे साठवलं जातं ते तसंच्या तसं वापरून आत येता येत नाही. शिवाय प्रत्येक पासवर्डला वेगळं सॉल्ट (हॅश करताना मिसळलेला रँडम मजकूर) असतं आणि हॅशिंगच्या फेऱ्या मुळातच ४०९६. स्क्रॅम काही नवीन नाही, २०१७ पासून, म्हणजे पोस्टग्रेस १० पासून आहे, आणि १४ पासून तेच डिफॉल्ट आहे.

"मग आमच्याकडे १४ आहे, म्हणजे स्क्रॅमच असणार" असं समजून चालू नका. अपग्रेड करताना जुने हॅश जसेच्या तसे पुढे येतात. आणि बऱ्याच ठिकाणी कोणीतरी जुनी कॉन्फिग फाइल उचलून नव्यात चिकटवलेली असते, तिच्यात 'पासवर्ड_एन्क्रिप्शन' एमडी५ वर बसलेलं असतं. खात्री करायची तर सुपरयूझरने (सगळे अधिकार असलेल्या यूझरने) 'पीजी_ऑथआयडी' या टेबलमधला 'रोलपासवर्ड' कॉलम बघायचा. किंमत 'एमडी५' या अक्षरांनी सुरू होत असेल तर जुना पासवर्ड, 'स्क्रॅम-शा-२५६' ने सुरू होत असेल तर नवा. एका ओळीची क्वेरी आहे:

सिलेक्ट रोलनेम फ्रॉम पीजी_ऑथआयडी व्हेअर रोलपासवर्ड लाइक 'एमडी५%';

यादी आली की प्रत्येक नावापुढे लिहा: हे कोण वापरतं, कुठल्या मशीनवरून, कुठल्या ड्रायव्हरने. खरी मेहनत इथे आहे.

मशीन शोधणे

जिनिंगच्या ऑफिसात विचारलं तर चार पीसी सांगतील. काट्यावरचा पीसी त्यांच्या लक्षातच नसतो, कारण तो त्यांच्या लेखी 'काटा' असतो. ऑडिटरचा लॅपटॉप महिन्यातून एकदा जोडला जातो. पतसंस्थेच्या एखाद्या शाखेत आठवडी बाजाराच्या दिवशीच जादाचा काउंटर उघडतो. त्यामुळे विचारून यादी करू नका, लॉगवरून करा.

जुन्या व्हर्जनमध्ये 'लॉग_कनेक्शन्स' हे चालू किंवा बंद, एवढंच असतं. ते चालू करून 'पीजी_रीलोड_कॉन्फ' फंक्शन चालवा (यालाच रीलोड म्हणतात), रीस्टार्ट लागत नाही. एक पूर्ण महिना चालू ठेवा. १४ पासून पुढे लॉगमध्ये यूझर कुठल्या पद्धतीने ओळखला गेला आणि एचबीए फाइलच्या (कोणाला, कुठून, कसं आत घ्यायचं याचे नियम असलेल्या फाइलच्या) कितव्या ओळीने त्याला आत घेतलं, हेही येतं. ही ओळ म्हणजे सोनं आहे. जी ओळ महिनाभरात एकदाही लागली नाही ती बहुतेक काढून टाकण्यासारखी असते.

१८ मध्ये हीच सेटिंग तुकड्यांत मागता येते: नुसती जोडणी आल्याची नोंद, ओळख पटल्याची, परवानगी मिळाल्याची, आणि चौथं म्हणजे जोडणी तयार व्हायला किती वेळ गेला त्याची. जुनं चालू-बंदही अजून चालतं. चोपड्याच्या शाखेतून "सॉफ्टवेअर स्लो आहे" अशी तक्रार आली, की ही चौथी नोंद चालू करून बघायची. जोडणीच उशिरा होत असेल तर क्वेरीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एरवी मी फक्त ओळख पटल्याची नोंद चालू ठेवते, नाहीतर लॉगचा डोंगर होतो.

ड्रायव्हर

स्क्रॅमला अडवणारा शत्रू म्हणजे जुना ड्रायव्हर. जावाच्या सॉफ्टवेअरसाठी जेडीबीसी ड्रायव्हर ४२.२.० किंवा त्यापुढचा लागतो. सी भाषेतली लिबपीक्यू लायब्ररी, आणि तिच्यावर चालणारं जे जे काही आहे, ते १० किंवा पुढचं हवं. काट्यावर विंडोज ७ आणि कधीकाळी टाकलेला ओडीबीसी ड्रायव्हर, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. असा ड्रायव्हर स्क्रॅमला भेटला की 'ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड' किंवा तत्सम काहीतरी म्हणतो. तो १० आकडा दिसला की पासवर्ड चुकला का म्हणून डोकं खाजवू नका, ड्रायव्हर बदला.

तपासायची माझी पद्धत सरळ आहे. चालू यूझरला हात लावत नाही. 'तपास' नावाचा एक नवा रोल करते, त्याला स्क्रॅम पासवर्ड देते, कुठल्याही टेबलवर काहीच अधिकार देत नाही, आणि प्रत्येक मशीनवरच्या त्याच सॉफ्टवेअरच्या जोडणीत तात्पुरतं हे नाव घालून बघते. जोडणी झाली आणि मग 'परमिशन डिनाइड' आलं, तर ड्रायव्हर ठीक आहे. टाइप १० आलं तर ड्रायव्हर बदलायचा. काम झालं की हा रोल ड्रॉप करायला विसरू नका.

जावावाल्यांसाठी एक सूचना. ॲप्लिकेशनच्या लिब फोल्डरमध्ये नवा जार टाकला तरी सर्व्हरच्या सामाईक फोल्डरमध्ये जुना पडून असतो आणि तोच आधी उचलला जातो. दोन्हीकडे शोधा. आणि मध्ये पीजीबाउन्सर, म्हणजे जोडण्या वाटून देणारा प्रोग्रॅम, असेल तर त्याच्या यूझर फाइलमध्येही एमडी५ हॅश असणार, ते वेगळे बदलावे लागतात. पीजीबाउन्सर १.११ च्या आधीचा असेल तर तोही बदला.

पासवर्ड बदलण्याचा क्रम

इथे क्रम महत्त्वाचा. एचबीए फाइलमध्ये पद्धत म्हणून 'एमडी५' लिहिलं असलं तरी, ज्या यूझरचा साठवलेला पासवर्ड स्क्रॅमचा आहे त्याच्याशी सर्व्हर आपोआप स्क्रॅमनेच बोलतो. म्हणजे ओळ तशीच ठेवून एकेक यूझर बदलत जाता येतं, आणि कोणाचंच काम अडत नाही. उलट क्रम केलात, आधी ओळीत स्क्रॅम लिहिलं आणि पासवर्ड एमडी५ चाच राहिला, तर तो यूझर बाहेर. लॉगमध्ये तपशील येतो की या यूझरकडे वैध स्क्रॅम सीक्रेट नाही.

तर पहिलं 'पासवर्ड_एन्क्रिप्शन' स्क्रॅम-शा-२५६ वर आणा आणि रीलोड करा. मग एका वेळी एक यूझर. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड खिडकीत उलटी तिरकी रेघ, लगेच 'पासवर्ड' आणि यूझरचं नाव. हे दोनदा पासवर्ड विचारतं, हॅश तुमच्याच मशीनवर तयार करतं आणि तयार हॅश सर्व्हरला पाठवतं. 'ऑल्टर रोल' मध्ये पासवर्ड उघडा टाइप केलात तर तो पीएसक्यूएलच्या हिस्टरीत राहतो आणि कधी सर्व्हरच्या लॉगमध्येही जातो.

पासवर्ड नवीनच हवा असं काही नाही. तोच जुना पुन्हा टाइप केला तरी साठवताना तो स्क्रॅममध्ये साठतो, आणि ॲप्लिकेशनमध्ये काहीच बदलावं लागत नाही. अर्थात 'काटा१२३' असले पासवर्ड असतील तर याच निमित्ताने ते बदला. मालकाला सांगताना मी "कंपनीच्या सॉफ्टवेअर अपडेटमुळे बदलावा लागतोय" असं सांगते. भांडण होत नाही.

वरची यादीची क्वेरी रिकामी आली, की मगच एचबीए फाइलला हात.

एचबीए फाइल

या फाइलमध्ये वरून खाली पहिली जी ओळ जुळते तीच लागू होते, पुढचं कोणी वाचत नाही. त्यामुळे नेमक्या ओळी वर, ढोबळ ओळी खाली. माझी एक ओळ अशी असते:

होस्टएसएसएल कापूस काटा १९२.१६८.१०.२१/३२ स्क्रॅम-शा-२५६

म्हणजे 'कापूस' या डेटाबेसवर 'काटा' हा यूझर, फक्त या एका मशीनवरून, एसएसएलनेच (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीनेच), स्क्रॅमनेच. पण खाली जुनी साध्या 'होस्ट'ची, सगळ्यांना सगळीकडून घेणारी ओळ तशीच राहिली तर वरच्या ओळीचा उपयोग शून्य, एसएसएल नसलेली जोडणी खालून निवांत आत येते. जवळजवळ प्रत्येक नव्या ठिकाणी मला ही ओळ सापडते. आणि 'ट्रस्ट' (पासवर्ड न विचारता आत घेणारी पद्धत) लिहिलेली एखादी तरी ओळ असतेच, "त्या दिवशी चालत नव्हतं म्हणून तात्पुरती टाकली" अशी.

डेटाबेसच्या रकान्यातल्या 'ऑल' मध्ये रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर डेटाची चालू नक्कल ठेवणं) येत नाही, त्याला स्वतंत्र ओळ लागते. अशी नक्कल ठेवणारा स्टँडबाय सर्व्हर असेल तर त्याची ओळही स्क्रॅमवर न्या, लोक नेमकी तीच विसरतात.

रीलोडच्या आधी 'पीजी_एचबीए_फाइल_रूल्स' हा व्ह्यू बघा. तो डिस्कवरची फाइल वाचतो आणि कुठल्या ओळीत काय चुकलं ते 'एरर' कॉलममध्ये सांगतो. हे का करायचं? फाइल चुकली असताना रीलोड केलं तर सर्व्हर जुनेच नियम चालू ठेवतो, तुम्हाला वाटतं सगळं ठीक झालं. मग आठवड्याने लाइट जाते, यूपीएस दम तोडतो, सर्व्हर उठायला जातो, आणि त्याच फाइलपाशी अडून सुरूच होत नाही. १६ पासून या फाइलमध्ये दुसरी फाइल जोडता येते, म्हणून शाखांच्या ओळी मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. व्ह्यू तेव्हा फाइलचं नावही दाखवतो.

सुपरयूझर वाटू नका

लॉगिन नीट झालं की अधिकारांकडे या. आपल्याकडे सॉफ्टवेअरवाला 'पोस्टग्रेस' यूझरचा पासवर्ड मागतो आणि आपण देतो. विचारलं तर म्हणतो, रात्री रीइंडेक्स आणि व्हॅक्यूम ही देखभालीची कामं चालवायची असतात. ठीक आहे, पण १७ पासून त्यासाठी 'पीजी_मेंटेन' हा तयार रोल आहे. व्हॅक्यूम, ॲनालाइझ, रीइंडेक्स, क्लस्टर, मटेरियलाइज्ड व्ह्यू ताजा करणे आणि टेबल लॉक करणे, एवढंच त्यात येतं. डेटा बघता येत नाही, बदलता येत नाही. सगळ्या टेबलांवर नको असेल तर 'मेंटेन' हा अधिकार एकेका टेबलवरही देता येतो. पतसंस्थेत मी हेच करते, आणि 'पोस्टग्रेस' यूझरला बाहेरच्या मशीनवरून येणारी एकही ओळ ठेवत नाही.

१८ ने 'पीजी_सिग्नल_ऑटोव्हॅक्यूम_वर्कर' हा रोल दिलाय. अडलेला ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारी साफसफाई) थांबवायला आता सुपरयूझर लागत नाही. आणि ऑटोव्हॅक्यूमचे कामगार वाढवायला आता रीस्टार्टही लागत नाही, 'ऑटोव्हॅक्यूम_वर्कर_स्लॉट्स' च्या मर्यादेत रीलोडवर भागतं. सीझनच्या मध्यात हे फार बरं वाटतं.

रिपोर्टवाल्यांना 'पीजी_रीड_ऑल_डेटा' देण्याचा मोह होतो. देऊ नका. त्यात पगाराचं टेबलही येतं. हव्या त्या स्कीमावर सिलेक्ट द्या.

दोन सर्व्हर एकमेकांशी बोलत असतील तर

जळगावचं मुख्य ऑफिस शाखेच्या सर्व्हरवरची टेबलं 'पोस्टग्रेस_एफडीडब्ल्यू' या एक्स्टेन्शनने बघतं, अशी मांडणी माझ्याकडे आहे. आजवर त्यासाठी यूझर मॅपिंगमध्ये शाखेचा पासवर्ड उघडा लिहून ठेवावा लागायचा. मला १८ मधलं सगळ्यात आवडलेलं काम इथलं आहे: 'यूज_स्क्रॅम_पासथ्रू' हा पर्याय चालू केला, की मुख्य सर्व्हरवर स्क्रॅमने आलेला यूझर त्याच ओळखीने पुढच्या सर्व्हरवर जातो, पासवर्ड कुठेच लिहावा लागत नाही. तसंच काम करणाऱ्या 'डीबीलिंक' लाही हे आलंय.

अट एक आहे आणि ती पाळली नाही तर चालत नाही. दोन्ही सर्व्हरवर त्या यूझरचं साठवलेलं स्क्रॅम सीक्रेट अक्षरशः एकच हवं. दोन्हीकडे तोच पासवर्ड टाइप करून भागत नाही, कारण सॉल्ट वेगळं पडतं. एका सर्व्हरच्या 'पीजी_ऑथआयडी' मधून ती पूर्ण स्ट्रिंग उचलायची आणि दुसरीकडे 'ऑल्टर रोल' मध्ये पासवर्डच्या जागी तशीच द्यायची. आधीच हॅश झालेली स्ट्रिंग आहे हे पोस्टग्रेस ओळखतो आणि पुन्हा हॅश करत नाही. पुढे पासवर्ड बदलला की हे पुन्हा करायचं, म्हणून मी सर्व्हरशेजारच्या वहीत लिहून ठेवलंय.

ओऑथ

१८ ची जाहिरात ओऑथची, म्हणजे वेगळ्या लॉगिन सर्व्हरच्या टोकनने आत येण्याच्या पद्धतीची, झाली. एचबीए फाइलमध्ये 'ओऑथ' अशी पद्धत लिहायची, सोबत टोकन देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता आणि स्कोप (परवानगीची व्याप्ती) द्यायचा, मग यूझर पासवर्डऐवजी टोकन घेऊन येतो. पीएसक्यूएलमधून जोडताना एक पत्ता आणि कोड दिसतो, ब्राउझरमध्ये तो टाकून परवानगी दिली की काम झालं. पण टोकन खरं की खोटं हे तपासणारी लायब्ररी पोस्टग्रेससोबत येत नाही, ती तुम्हाला मिळवावी किंवा लिहावी लागते. आणि ही तयार ब्राउझरवाली वाट विंडोजवरच्या क्लायंटला मिळत नाही. ज्या संस्थेत शेकडो माणसं आहेत आणि सगळ्यांचं लॉगिन एका जागी सांभाळलं जातं, तिथे हे वरदान आहे, माणूस नोकरी सोडून गेला की एकीकडे नाव काढलं आणि झालं. जिनिंगमध्ये डेटाबेसचे यूझर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथे मी स्क्रॅमवर समाधानी आहे.

अपग्रेडची रात्र

आता व्हर्जन. इथे सगळ्यात आधी अडवणारी गोष्ट म्हणजे चेकसम, डिस्कवरचं पान बिघडलं तर ओळखता यावं म्हणून त्यावर ठेवलेला आकडा. १८ मध्ये 'इनिटडीबी' ने नवा क्लस्टर (सर्व्हरचा सगळा डेटा असलेला फोल्डर) केला की डेटा चेकसम आपोआप चालू असतात. जुन्यात ते बंद असतील तर 'पीजी_अपग्रेड' पुढे जायला नकार देतो, दोन्हीकडे सारखंच हवं. जुन्यावर 'शो डेटा_चेकसम्स' करून आधीच बघून ठेवा.

वाटा दोन. नवा क्लस्टर 'नो-डेटा-चेकसम्स' देऊन बनवायचा, किंवा जुना सर्व्हर नीट बंद करून 'पीजी_चेकसम्स' ने तिथे चालू करायचे. मी दुसरी वाट घेते. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या आसपास जातो, सर्व्हर बहुतेक वेळा ऑफिसच्या कोपऱ्यात पंख्याखाली, लाइट दिवसातून कितीदा जाईल त्याचा नेम नाही. अशा ठिकाणी डिस्कवरचं पान बिघडलं तर ते वाचतानाच कळलेलं बरं. मात्र चेकसम चालू करताना पोस्टग्रेस आहे त्या पानाचा चेकसम काढतो. पान आधीच बिघडलेलं असेल तर बिघाडावरच शिक्का बसतो. म्हणून त्याआधी पूर्ण 'पीजी_डंप' काढून बघा, म्हणजे प्रत्येक टेबल वाचलं जातं, आणि १४ किंवा पुढचं असेल तर 'पीजी_ॲमचेक' ही तपासणीची कमांड चालवा. याला डिस्कप्रमाणे वेळ लागतो, त्यामुळे हे अपग्रेडच्या रात्री नको, आधीच्या एखाद्या रात्री करा.

मग 'पीजी_अपग्रेड' आधी 'चेक' पर्यायाने. तो जे सांगेल ते निस्तरा. फाइली हलवायच्या पद्धती अनेक आहेत: कॉपी, लिंक (जुन्या-नव्याने त्याच फाइली वापरणं), आणि १८ मध्ये आलेला स्वॅप (जुने फोल्डरच नव्याकडे हलवणं). स्वॅप झपाट्याने होतो, पण फाइली हलायला लागल्या की जुना क्लस्टर गेला. लिंकमध्ये नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुन्याकडे परत जाणं सुरक्षित राहत नाही. आपल्याकडचे डेटाबेस काही टेराबाइटचे नसतात. डिस्कवर जागा करा आणि कॉपी वापरा.

एक खरोखरची सुटका १८ मध्ये झाली आहे. पूर्वी अपग्रेडनंतर प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी शून्यावर यायची, आणि ॲनालाइझ होईपर्यंत सकाळचे रिपोर्ट रेंगाळायचे. आता ती आकडेवारी सोबत येते. फक्त 'क्रिएट स्टॅटिस्टिक्स' ने बनवलेली वाढीव आकडेवारी येत नाही. म्हणून आधी 'व्हॅक्यूमडीबी' ला 'ऑल', 'ॲनालाइझ-इन-स्टेजेस' आणि 'मिसिंग-स्टॅट्स-ओन्ली' देऊन चालवा, मग निवांत 'ऑल' आणि 'ॲनालाइझ-ओन्ली'.

जुनी पोस्टग्रेसची कॉन्फिग फाइल नव्यावर चिकटवू नका. शेजारी उघडून एकेक बदललेली किंमत हाताने आणा. एचबीए फाइल मात्र तुम्ही महिनाभर घासूनपुसून तयार केली आहे, ती जशीच्या तशी घ्या. आणि त्याच रात्री ऑपरेटिंग सिस्टिम बदलू नका. लिनक्सची सी लायब्ररी बदलली की मजकुराची क्रमवारी बदलू शकते, आणि शेतकऱ्यांच्या मराठी नावांवरचे इंडेक्स गुपचूप चुकतात. ती बदलायचीच असेल तर वेगळ्या दिवशी, आणि नंतर रीइंडेक्स.

स्टँडबाय बंद पडला तर

रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबाय कुठवर पोचला याची मुख्य सर्व्हरवरची नोंद) वापरत असाल तर हे वाचा, नाहीतर सोडून द्या. दुसऱ्या ठिकाणचा स्टँडबाय बंद पडला, लाइन तुटली, की मुख्य सर्व्हर त्याच्यासाठी डब्ल्यूएएल फाइली (बदलांच्या नोंदी) साठवत राहतो. कोणाचं लक्ष नसेल तर डिस्क भरते आणि मुख्य सर्व्हरच थांबतो. १३ पासून 'मॅक्स_स्लॉट_डब्ल्यूएएल_कीप_साइझ' ने आकाराची मर्यादा घालता येते. १८ मध्ये वेळेचीही आली: 'आयडल_रेप्लिकेशन_स्लॉट_टाइमआउट'. मुळात ती बंद असते. मी दोन दिवस ठेवते, किंमत लिहिताना एकक सोबत लिहा. तपासणी चेकपॉइंटच्या वेळी (बदललेला डेटा डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्याला) होते, त्यामुळे थोडं मागेपुढे होईल. स्लॉट बाद झाला की स्टँडबाय पुन्हा नव्याने बांधावा लागतो, पण तोवर मुख्य सर्व्हर चालू आणि काटाही चालू.

अपग्रेड संपताना 'डिलीट_ओल्ड_क्लस्टर' नावाची एक स्क्रिप्ट तयार होते. ती जुना क्लस्टर पुसते. नव्यावर एक महिनाअखेर पार पडून ताळेबंद जुळेपर्यंत, आणि ऑडिटरचा लॅपटॉप एकदा नीट जोडला जाईपर्यंत, तिला हात लावायचा नाही. तोवर जुन्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा आणि जुन्या सर्व्हरची आपोआप सुरू होणारी सर्व्हिस बंद करा, नाहीतर लाइट जाऊन आली की दोन्ही उठायला बघतात.